सगळीकडे हजेरी, तरी एकटेपण

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. तिची ओळख पटेल असे तपशील वगळून तिचं म्हणणं थोडक्यात असं:

वय २८. पाच वर्षं नोकरी केल्यावर कर्ज काढून तिने परदेशातल्या एका बिझनेस स्कूलमध्ये दोन वर्षांच्या एमबीएला प्रवेश घेतला. पहिल्या सत्राचा तिसरा महिना चालू आहे. बॅचच्या ग्रुपवर रोज कसलं ना कसलं आमंत्रण असतं: कुणाचा वाढदिवस, एखाद्या क्लबची पार्टी, शनिवार-रविवारची सहल. ‘गेलं नाही तर मागे पडू’ या धास्तीने ती जमेल तिथे जाते. कानठळ्या बसवणाऱ्या संगीतात प्रत्येकाशी तेच तीन प्रश्न होतात: कुठून आलीस, आधी काय करायचीस, पुढे काय करणार. रात्री उशिरा परतून, अर्धवट वाचलेली केस (वर्गातल्या चर्चेसाठी दिलेली, एखाद्या कंपनीपुढच्या प्रश्नाची हकीकत) घेऊन ती सकाळी वर्गात बसते. डोक्यात वाक्य जुळवून हात वर करेपर्यंत चर्चा पुढे गेलेली असते. सत्राच्या मध्यावर एका प्रोफेसरांनी ‘वर्गातला सहभाग कमी’ असा शेरा दिला. पाच जणांच्या स्टडी ग्रुपमध्ये एक्सेलचं सगळं काम ती एकटी रात्री बसून करते, प्रेझेंटेशन मात्र बाकीचे करतात. सुटीच्या दिवशी आपल्या देशातल्या मुलामुलींमध्ये बसलं की जीव हलका होतो, आणि मग ‘एवढे पैसे घालून आपल्याच लोकांत बसायला आले का?’ असं वाटून खंत वाटते. एका सीनियरने सांगितलं, “इथे मार्क कुणी विचारत नाही, नेटवर्क हीच डिग्री.” तिचा प्रश्न असा: अभ्यास थोडा बाजूला ठेवून लोकांत मिसळू, की मी मिसळणारी नाहीच हे मान्य करून अभ्यासाला लागू? जाता जाता तिने हेही लिहिलं आहे की एकदा असाइनमेंट जमा करून निघताना शेवटची बस चुकली, तेव्हा टीममधल्या एका मुलीबरोबर ती तासभर चालत घरी आली, आणि या तीन महिन्यांतला तेवढाच वेळ छान गेला.

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्राच्या त्या शेवटच्या ओळीपाशी मी थांबले. दिवसभर दमल्यावर जी मुलगी दुसरीशी तासभर बोलत चालत जाते, तिला मी ‘न मिसळणारी’ म्हणणार नाही. तेव्हा तुझ्या प्रश्नातला दुसरा पर्याय मी आधीच बाजूला ठेवते. राहिला पहिला.

अभ्यास एका बाजूला, माणसं दुसऱ्या बाजूला आणि आपल्या हातातले तास या दोघांत वाटायचे, असं तू धरून चालली आहेस. हे गृहीतकच मला तपासून बघावंसं वाटतं. बिझनेस स्कूलची घडण पाहा. पहिल्या वर्षी बऱ्याच शाळांत बॅचचे सेक्शन पाडतात आणि बहुतेक मूळ विषय त्याच सेक्शनबरोबर शिकवतात. त्यातही चार-सहा जणांची टीम बहुतेक ठिकाणी शाळाच ठरवून देते. फ्रान्समधल्या इन्सियाड या बिझनेस स्कूलमध्ये तर या टीममध्ये शक्य तेवढे वेगवेगळे देश आणि वेगवेगळे व्यवसाय एकत्र येतील, हे मुद्दाम पाहिलं जातं. तुम्हाला सोयीचे सोबती मिळावेत एवढाच हेतू असता, तर निवड तुमच्यावर सोडली असती. जे लोक एरवी आयुष्यात तुझ्या वाटेला आले नसते, त्यांच्याबरोबर तुला एका टेबलाशी बसवलं आहे. जी ओळख शोधायला तू रात्री बाहेर पडतेस, तिची पहिली जागा हे टेबल आहे.

आणि नेमक्या त्याच टेबलापाशी तू कमीत कमी दिसतेस. सगळ्यांत जड काम तू करतेस, पण ते रात्री, एकटी, खोलीचं दार लावून. सकाळी चौघांना फाइल मिळते. ती करताना तुला कुठे अडलं, कोणता आकडा तुला खटकला, तू कुठे अंदाज बदललास, यातलं काहीच त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. मग प्रेझेंटेशनमध्ये तुझा आकडा दुसराच कुणी वाचून दाखवतो, आणि वर्गाला तो माणूस लक्षात राहतो. यात त्यांचा डाव आहे असं मला वाटत नाही. जी व्यक्ती तक्रार न करता काम उरकते तिला तेच आवडतं, असा समज टीममध्ये फार पटकन होतो. वेगवेगळ्या देशांतली माणसं एकत्र असली की तर जास्तच, कारण गप्प बसण्याचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या सवयीप्रमाणे लावतो. कुणाला ते सौजन्य वाटतं, कुणाला होकार, कुणाला बेफिकिरी.

पुढची असाइनमेंट आली की पहिल्याच बैठकीत सरळ म्हण: “एक्सेलमधल्या मॉडेलचा सांगाडा या वेळी सगळे मिळून उभा करू, तासाभराचं काम आहे. पुढचं भरायला कुणीतरी एक जण माझ्याबरोबर बसा. आणि आकड्यांचा भाग वर्गात मी मांडते.” एवढंच. आजवर कोणी किती काम केलं याचा हिशेब काढत बसू नकोस, त्याने बैठक तिथेच आंबट होईल. कुणी टाळाटाळ केली तर कामाची वाटणी सगळ्यांना दिसेल अशा एका शेअर्ड फाइलमध्ये लिहून ठेव. तरीही जमलं नाही तर प्रोफेसरांशी किंवा प्रोग्रॅम ऑफिसशी बोलायला संकोच करू नकोस. टीमची भांडणं त्यांच्यासाठी नवी नसतात. एक्सेल चांगलं येणाऱ्या, शांत स्वभावाच्या अनेकांची टीममध्ये हीच गत होते, म्हणून हे मी जरा लांबवून सांगितलं.

पण नुसतं एकत्र काम केल्याने मैत्री होईल, असंही मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले संवादशास्त्राचे प्राध्यापक जेफ्री हॉल यांनी नव्या गावी राहायला गेलेल्या प्रौढांचा आणि विद्यापीठात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून २०१८ मध्ये काही अंदाज मांडले. नुसत्या ओळखीतून हलकीफुलकी दोस्ती व्हायला साधारण ५० तास लागतात, मित्र म्हणावं असं नातं व्हायला सुमारे ९०, आणि जवळची मैत्री व्हायला २०० हून अधिक. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. फक्त काम करत एकत्र घालवलेले तास जवळीक वाढवायला फारसे उपयोगी पडत नाहीत. उपयोगी पडतात ते जेवताना, खेळताना, उगाच गप्पा मारताना गेलेले तास.

आता तुझ्या संध्याकाळी या आकड्यांशेजारी ठेवून बघ. एका पार्टीत तू पंधरा जणांना भेटतेस, प्रत्येकाला पाच-दहा मिनिटं. पुढच्या पार्टीत दुसरे पंधरा. महिनाभर असं केलंस तरी कुणा एकाबरोबर तुझे दोन तासही जमत नाहीत. त्या तीन प्रश्नांच्या पुढे गाडी जात नाही, याला तुझ्या स्वभावाइतकीच ही रचनाही कारणीभूत आहे. बस चुकली त्या रात्री नेमकं उलटं घडलं: एकच माणूस, काम संपलेलं, घाई नाही. ते योगायोगाने घडलं. तसं घडायला आता तू जागा कर. टीमची बैठक जेवणाच्या वेळेला लागून ठेव आणि संपल्यावर लॅपटॉप बंद करून तिथेच एकत्र जेवा. त्या मुलीला विचार, “सोमवारी क्लास झाल्यावर चालायला येतेस?” आली तर पुढच्या सोमवारीही विचार. दर आठवड्याला तीच वेळ, तीच दोन-तीन माणसं, याने जे साधतं ते दहा नव्या ठिकाणी जाऊन साधत नाही. क्लबांचंही तेच. पहिल्या महिन्यात सगळे सात-आठ क्लबांत नाव घालतात. तू एक किंवा दोन ठेव, पण त्यांत काहीतरी अंगावर घे: वक्त्यांना बोलावण्याचं, हिशेबाचं, कसलंही. काम हातात असलं की कुणाशी काय बोलावं हा प्रश्न उरत नाही. लाजऱ्या माणसाला याचा किती आधार होतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

आणि तू विचारशील, “पण तिलाच माझ्याबरोबर कंटाळा आला असेल तर?” ही शंका जवळजवळ सगळ्यांना येते. मानसशास्त्रज्ञ एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अनोळखी माणसांच्या पहिल्या भेटींवर प्रयोग केले. बोलणं झाल्यावर समोरच्याला आपण किती आवडलो याचा अंदाज दोघांनाही करायला सांगितला, तेव्हा लोकांनी तो सातत्याने कमीच केला. प्रत्यक्षात ते त्याहून जास्त आवडले होते. म्हणून दुसऱ्यांदा विचारायची पाळी आपल्यावर आली तर ती घ्यावी.

आपल्या देशातल्या मुलामुलींमध्ये बसल्यावर वाटणारी खंत मात्र मला पूर्ण काढून टाकावीशी वाटते. मानसशास्त्रज्ञ स्टीफन बोक्नर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या हवाई राज्यातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या मैत्रीचा अभ्यास १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांना या विद्यार्थ्यांभोवती तीन वर्तुळं दिसली. आपल्या देशातल्या लोकांजवळ मन मोकळं होतं आणि आपलं जगणं जपलं जातं. स्थानिक लोकांची मदत मुख्यतः अभ्यासात आणि रोजच्या व्यवहारात होते. तिसरं वर्तुळ इतर देशांतून आलेल्यांचं, ते बहुतेक करमणुकीचं आणि सोबतीचं. तिन्हींची कामं वेगळी आहेत. दिवसभर परक्या भाषेत विचार करून मेंदू थकतो. तुला जीव हलका वाटतो तो त्या थकव्यातून सुटका होते म्हणून. ती सुटका हक्काने घे. शिवाय व्हिसाचे नियम, परदेशी उमेदवारांना खरोखर नोकरी देणाऱ्या कंपन्या कोणत्या, घरमालकाशी कसं बोलावं, ही माहिती आपल्याकडच्या सीनियरइतकी नेमकी तुला दुसरं कोण देणार?

काळजी करायची ती एकाच गोष्टीची. तीन वर्तुळांपैकी दोन रिकामी राहून सगळा आठवडा एकाच वर्तुळात जाऊ लागला तर. त्यावर सोपा उपाय म्हणजे दारं उघडी ठेवणं. तुम्ही सगळे जमणार असाल तेव्हा टीममधल्या एखाद्याला बोलाव, आणि तो आल्यावर सगळ्यांनी त्याला समजेल त्या भाषेत बोलायचं, हे आधीच ठरवून घ्या. यजमानांच्या भाषेतल्या हास्यकल्लोळात एकट्या पडलेल्या पाहुण्यासारखं अवघडलेलं कुणी नसतं. स्थानिक विद्यार्थ्यांच्या बाबतीत अपेक्षा जरा बेताच्या ठेव. त्यातल्या पुष्कळांचे जुने मित्र, जोडीदार, कुणाकुणाची मुलं त्याच शहरात असतात. त्यांची संध्याकाळ आधीच भरलेली असते. ते आले नाहीत म्हणजे त्यांनी तुला नाकारलं, असा अर्थ लावू नकोस. सकाळच्या कॉफीला किंवा दुपारच्या जेवणाला विचारलंस तर तीच माणसं आनंदाने येतील.

आता वर्गातला सहभाग. प्रोफेसरांचा शेरा तू फार मनाला लावून घेतला आहेस, म्हणून आधी थोडं गणित करू. केस पद्धत हार्वर्डने १९२० च्या दशकात रुजवली आणि तिथे अजूनही एका सेक्शनमध्ये सुमारे ९० विद्यार्थी आणि ८० मिनिटांचा तास असतो. प्रोफेसर अवाक्षर बोलले नाहीत तरी प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिटही येत नाही. तुझा सेक्शन लहान असेल, तरी चित्र फार वेगळं नसणार. म्हणजे रोज बोलणं कुणालाच शक्य नाही, आणि दर खेपेला मोठं काही बोलण्याची गरजही नाही. तू वाक्य पूर्ण जुळेपर्यंत थांबतेस, तिथे घोटाळा होतो. चर्चा सुरू होते तेव्हा ती मोकळी असते. केसमधली परिस्थिती काय, आकडे काय सांगतात, एवढंच चाललेलं असतं. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच बोलायचं ठरव. तुझ्याकडे तर तयार साहित्य आहे. आदल्या रात्री आकडेमोड केलेली असतेच. “मी नफ्याचं प्रमाण काढून पाहिलं, विक्री वाढूनही ते घसरतंय,” एवढं एक वाक्य कागदावर लिहून ने आणि हात वर कर. व्याकरण चुकलं तरी आकडा बरोबर असतो, आणि पुढची चर्चा त्या आकड्यावर उभी राहते. उच्चारांबद्दल काळजी वाटत असेल तर फक्त वेग कमी कर.

त्याच प्रोफेसरांना ऑफिस अवर्समध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या वेळेत, जाऊन भेट. तक्रार नको, सबबी नकोत. “मला चर्चेत शिरायला वेळ लागतो, त्यावर काम करतेय,” असं सांग. बहुतेक शिक्षक मग तुझ्या हाताकडे लक्ष ठेवतात. कधी कधी ‘उद्याच्या केसची चर्चा सुरू करायला तुला सांगू का?’ असंही विचारतात. ते विचारलं तर हो म्हण. कोल्ड कॉलच्या, म्हणजे न सांगता अचानक नाव घेऊन विचारण्याच्या धास्तीपेक्षा ठरवून केलेली सुरुवात कितीतरी सोपी. केस वाचण्यातही तू बहुधा जास्त वेळ घालवत असशील: अथपासून इतिपर्यंत, प्रत्येक ओळ. पहिलं पान आणि शेवटचं पान वाच, मग परिशिष्टातले तक्ते, मग निर्णय कोणाला, कोणता, कधीपर्यंत घ्यायचा आहे हे स्वतःच्या शब्दांत लिही. त्यानंतरच मधली पानं. सकाळी टीमबरोबर वीस मिनिटं बोलून घेतलंत तर वर्गात बोलण्याची रंगीत तालीमही होते.

तुझ्या सीनियरचं म्हणणं अर्धं खरं आहे. अमेरिकेतल्या व्हार्टन, शिकागोची बूथ, स्टॅनफर्ड अशा काही बिझनेस स्कूलांत नोकरी देणाऱ्या कंपन्यांना ग्रेड सांगायच्या नाहीत, असा विद्यार्थ्यांचाच संकेत रूढ झालेला आहे. पण तो सगळीकडे नाही. तुझ्या शाळेत काय आहे ते करिअर ऑफिसला विचार, ऐकीव माहितीवर दोन वर्षांचा बेत आखू नकोस. आणि मार्क कुणी विचारो न विचारो, मुलाखतीत विषय विचारतातच. क्षेत्र बदलायला आलेल्या माणसाला फायनान्स आणि अकाउंटिंग कच्चं ठेवून चालत नाही.

नेटवर्क म्हणजे पार्टी, हे समीकरण तर मला मुळीच मान्य नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन शहरात नुकतीच नोकरी बदललेल्या व्यावसायिकांना विचारलं होतं की, ज्या ओळखीतून नोकरी कळली ती व्यक्ती तुम्हाला त्या काळात किती वेळा भेटायची? १९७३ च्या त्यांच्या गाजलेल्या लेखात उत्तर आहे: वारंवार, असं म्हणणारे जेमतेम १७ टक्के. अधूनमधून म्हणणारे ५६ टक्के आणि क्वचितच म्हणणारे २८ टक्के. नोकरीची बातमी बरेचदा अशा दूरच्या ओळखीतून येते, आणि दूरची ओळख ठेवायला रात्र जागवावी लागत नाही. तुला ज्या क्षेत्रात जायचंय तिथल्या एखाद्या माजी विद्यार्थ्याला चार ओळींचा ईमेल, वीस मिनिटांचं बोलणं, दुसऱ्या दिवशी आभार, आणि दोन-तीन महिन्यांनी ‘तुम्ही सांगितलं तसं केलं, असं झालं’ एवढं कळवणं. तुझे जुने सहकारी आणि जुने बॉसही याच ओळखींत मोडतात, त्यांना विसरू नकोस. तू दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला आहेस. इन्सियाडसारख्या दहा महिन्यांच्या अभ्यासक्रमातल्या वाचकांनी मात्र हे पहिल्या महिन्यापासूनच सुरू करावं, कारण तिथे उन्हाळ्याच्या इंटर्नशिपचा वेगळा टप्पा सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

पार्ट्या बंद कर असं मी म्हणत नाहीये. जिथे तुझी माणसं असतील तिथे जा, सुरुवातीच्या तासात जा, कारण तेव्हा संगीताचा आवाज कमी असतो आणि बोलता येतं, आणि दुसऱ्या दिवशी केस असेल तर वेळेवर निघ. निरोप घेताना कारणं देत बसू नकोस. सहलींचा खर्च झेपत नसेल तर ‘तब्येत बरी नाही’ म्हणण्यापेक्षा “हे मला सध्या परवडणार नाही, पण तुम्ही परत आलात की भेटू” असं म्हण. तू एकदा उघड बोललीस की आणखी दोघं-तिघं हळूच तेच सांगतील याची मला खात्री आहे. कर्ज काढून आलेली तू एकटी नाहीस. मद्य घेत नसशील तर त्याचंही स्पष्टीकरण द्यायला नको.

तिसऱ्या महिन्यातली ही उदासी पुष्कळांना येते. नवेपणाची नवलाई ओसरलेली असते, सवय अजून झालेली नसते, त्यात इंटर्नशिपच्या अर्जांचा ताण. ती आपोआप ठराविक दिवसांत जाईलच, असं वचन मात्र कुणी देऊ नये. दोन-तीन आठवडे झोप उडालेली असेल, खोलीबाहेर पडणं नको वाटत असेल, सारखं रडू येत असेल, तर विद्यापीठाच्या समुपदेशकाची वेळ घे. सत्र संपेपर्यंत थांबू नकोस, परीक्षेच्या सुमाराला तिथे रांग वाढते.

एक शेवटचं काम आहे आणि त्याला मुदत आहे. बऱ्याच शाळांत पहिल्या सत्रानंतर किंवा वर्षानंतर टीम बदलतात. तुझी बदलणार असेल तर त्याआधी चौघांना वेगवेगळं भेट, प्रत्येकाला अर्धा तास. प्रत्येकाला दोनच गोष्टी विचार: माझ्याबरोबर काम करताना काय चांगलं वाटलं, आणि मी काय वेगळं केलं असतं तर बरं झालं असतं. त्यांचं उत्तर लिहून ठेव आणि नव्या टीमच्या पहिल्या बैठकीत आपल्याला काय काम करायचंय, काय नाही, हे त्यावरून सांग. त्या मुलीबरोबरचं सोमवारचं चालणं टीम बदलली तरी चालू ठेव, आणि तेही तिला आत्ताच सांगून टाक.